हौशाचं दावं दादाच्या गळ्यात

त्या दिशी बद्रीनाथाची गाय फुगली तवा मी दिंद्रुडच्या बाजारला गेलतो. घरी माझा थोरला भाऊ सटवादादा तापानं पडून व्हता. तीन दिस झालते, अंगात नुसता विस्तव. शेजारून वरडा आला, "गाय फुगली, गाय फुगली," तसा दादा उठून बसला. घोंगडं पांघरलं आन् भिंत धरत धरत निगाला. वैनी, म्हंजी दादाची बायको दगडाबाई, ती म्हनली, "कुठं निगाले? तुमाला कोन आत घेनार हाय?" दादानं तसाच उंबरा वलांडला. ह्ये समदं मला वैनीनंच मागून सांगितलं.

बद्रीनाथाचं घर आमच्या भिंतीला भिंत. त्येची गाय नुकतीच व्यालेली, सकाळी खुट्याची सुटली आन् बरशिमाच्या वाफ्यात शिरली. बरशीम म्हंजी हिरवा घास. मेथीवानी दिसतो, तीन तीन पानांचा, हिवाळ्यात पानी दिऊन करायचा. जनावराला लई ग्वाड लागतो. पन दव पडल्याला कवळा घास रिकाम्या पोटी खाल्ला तर पोटात फेस धरतो, डावी कूस ढोलावानी वर येती, आन् जनावर श्वास कोंडून मरतं. घडीभराचा खेळ असतो.

दादा बद्रीनाथाच्या दारात गेला तर बद्रीनाथ आडवा झाला.

"सटवा, तू आत नको यिऊ."

"बद्री, तिला येळ न्हाई."

"म्हाळू कुठाय?"

"बाजारला गेलाय. यील. तवर मला बगू दे."

"तुझा हात नको रं बाबा. एक खाल्लास तेवढा बास झाला."

दादा भाईर भिंतीला टेकून बसला. तितूनच सांगूलागला. लिंबाची जाड काडी तिच्या तोंडात आडवी घाल, दोरीनं शिंगाला बांध, म्हंजी ती चघळत राहती. म्होरले पाय उंबऱ्यावर चढीव. आन् आदी गोडंतेल पाज, अर्धा शेर, चाकूला कुनी हात लावायचा न्हाई तेल पोटात जाईस्तवर. बद्रीनाथानं समदं तसंच केलं. सांगितल्यालं घेतलं, मानूस आत घेतला न्हाई.

मी आलो तवा गायीची जीभ भाईर आलती. मला कुनीतरी बखोटीला धरूनच आत नेलं. भाईरून दादाचा आवाज आला, "म्हाळू, डाव्या कुशीत. शेवटची बरगडी आन् खुबा ह्येच्या मधी खळगा हाय, तितं. खाली न्हाई." मला ठावं व्हतं. पन त्यो सांगतच राहिला. म्या चाकू मारला, वेळूची नळी घातली, आन् वारं असं सुटलं की फुस्स करून माझ्या तोंडावर आलं. कूस खाली बसली. गाय लटलटत उभी राहिली.

बद्रीनाथानं माझे दोनी हात धरले. म्हनला, "म्हाळू, तू हायेस म्हनून गावची जनावरं हायेत."

आन् मी गप.

भिंतीच्या पल्याड, पाच हातावर दादा बसलाय, त्येला समदं ऐकू जातंय, आन् मी गप. भाईर आलो तर त्येनं इचारलं, "रवंथ करायली का?" म्हनलं, "आजून न्हाई. उभी हाय." "करील," म्हनला. "लगीच पानी दिऊ नको म्हनावं." मंग म्या त्येला खांद्याला धरून घरी आनलं. वजन काय राहिलंच नव्हतं. दिवा लावायच्या येळंला दादा गेला. वैनी चुलीपाशी व्हती, मी पायाशी बसल्यालो. कुनाचं नाव घेतलं न्हाई त्येनं.

आता ते "एक खाल्लास" म्हंजी काय ते सांगतो. ते माझं हाय, दादाचं न्हाई. पाटलाचा हौशा बैल म्या मारला. पंधरा वर्सं त्यो दादाच्या नावावर राहिला, आन् दादा मरूस्तवर कुनाच्या जनावराला त्येला हात लावू दिला न्हाई गावानं.

आमी मूळचे मेंढरावाले. बापाच्या काळात रोगानं कळप बसला, तवा आमी ह्या गावात अर्जुनराव पाटलाच्या मळ्यात बटईनं राहिलो. दादाला शेतीतलं फार कळत नव्हतं सुरवातीला, पन जनावर कळायचं. कुनाची म्हैस अडली, कुनाचा बैल लंगडला, तर दादाला बोलवायचे. त्यो हात लावायच्या आदी लई येळ नुसता बगत बसायचा. लोक म्हनायचे, "सटवा, बैलासंगं बोलायलास का काय?" त्यो म्हनायचा, "त्यो बोलायलाय, मी ऐकायलोय."

एका साली परभनीकडं सरकारी शेतावर गडी पायजेत म्हनून गिरदावरानं, म्हंजी वसुलीच्या सायबानं, गावात सांगितलं. निजामाचा हुकूम, कोन जानार. दादा गेला. चार म्हैने तितल्या बैलांची राखन केली. परत आला तवा धोतराच्या सोग्यात मूठभर पिवळं बारीक बी बांधल्यालं आन् डोस्क्यावर मातीचं गठुडं. तीन दिस चालत आनली ती माती.

पारावर लोक हासून हासून लोळले. बद्रीनाथाच्या बापानं इचारलं, "कावून रं सटवा, आपल्या गावची माती सरली का?"

दादा म्हनला, "ही त्या घासाची माती हाय. हिच्याबिगर त्यो रुजत न्हाई. मुळाला गाठी धरत न्हाईत."

"मंग पानी बी तितलंच आनायचं ना बे."

दादा बी हासला. त्यो हासायचा तवा.

म्या त्येच्या हाताखाली ते काम केलं, म्हनून सांगतो. कार्तिक लागला की वाफे करायचे, सारखे, पाटा फिरवून. बी मिठाच्या पान्यात टाकायचं, वर तरंगल ते काढून फेकायचं, ते पोकळ आन् तनाचं बी असतंय. खाली बसल ते धुवायचं, गुळाचं पानी लावायचं, आन् ती आनल्याली माती त्येला चोळायची, हातानं, हळूहळू. मंग वाफ्यात घोट्याएवढं पानी सोडायचं, पायानं गढूळ करायचं, आन् वारं पडलं की संध्याकाळचं बी फेकायचं. पान्यावर पडतं, गढूळ खाली बसतो तसं बी झाकलं जातं. दादानं पयल्या साली एक वाफा मुद्दाम त्या मातीबिगर केला. त्यो वाफा उगवला आन् बोटभर झाल्यावर पिवळा पडला, तिथंच बसला. दुसरा वाफा असा काळाभोर. मंग दादानं समद्यांना बोलवून दोनी वाफ्यातलं एक एक रोप उपटून दाखवलं. ह्येच्या मुळाला गाठी, त्येच्या मुळाला काय न्हाई. बद्रीनाथाचा बाप बगून गेला. ह्या बारीला हासला न्हाई.

दोन म्हैन्यानं पयली कापनी. जमिनीच्या वर तीन-चार बोटं सोडून कापायचा, म्हंजी परत फुटतो. मंग दर पंचवीस दिसाला एक कापनी, पार फागुनापतूर. पाटलाच्या बैलांच्या अंगावर असं तेज आलं की हात घसरायचा. पन दादाचा एक नियम व्हता आन् त्यो त्येनं घरातल्या बायांना सुदीक पाठ करायला लावलता. दव वाळल्याबिगर कापायचा न्हाई. कापला की दुपारपतूर पसरून सुकवायचा. आन् आदी कडबा, मंग घास. रिकाम्या पोटी कदीच न्हाई.

त्या साली माघात गावाजवळ जनावरांची जत्रा भरली. बीडहून तालुकदार येनार, चांगल्या जोडीला शेला बांधनार, अशी दवंडी झालती. अर्जुनरावाची जोडी हौशा आन् तांबड्या. समद्यांना वाटायचं शेला आपल्यालाच. दादा पहाटंच दिंद्रुडला गेला, शिंगाच्या पितळी शेंब्या लोहाराकडं टाकल्यात्या त्या आनायला. जाताना मला म्हनला, "कडबा टाक त्येंच्या म्होरं. घास मी आलो की बगू."

मी त्या येळंला काय लेकरू नव्हतो. चोवीस वर्साचा गडी, लगीन झाल्याला, बायको साखरा पोटुशी. मला उजाडता दिसलं की बैलांच्या कुशी आत गेल्यात. रातीचं पोट उतरल्यालं, ते रोजच असतंय. पन आमच्याकडं बाजारात नि जत्रेत लोक पयलं कूस बगतात. कूस आत गेल्याली दिसली की म्हनतात, उपाशी ठिवतो का रं मालक. मला वाटलं, कडबा चघळत बसतील, पोट दिसायचं न्हाई. घास खातील तर घडीत भरतील. म्या वाफ्यात गेलो, दवानं पाय भिजले गुडघ्यापतूर, दोन मोठे भारे कापले आन् तसेच वले त्येंच्या म्होरं टाकले. हौशा खादाड. त्येनं सोताचं खाल्लं आन् तांबड्याचं बी वढलं. वरून म्या पानी दाखवलं. त्येची कूस भरली, गोल झाली, आन् मला बगून लई बरं वाटलं. म्या त्येच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आजून हातात लागती.

मंग त्यो पाय झाडूलागला. सोताच्या पोटावर लाथा. मी म्हनलं माशी असंल. मंग खाली बसला, उठला, परत बसला. डावी कूस कन्याच्या वर गेली. मी पळत इहिरीकडं गेलो, कुनी न्हाई, परत आलो. काय करावं सुचना. तवर दादा आला. शेंब्या तिथंच टाकल्या. काय इचारलं न्हाई त्येनं, वला घास गव्हानीत पडल्याला दिसत व्हता. कमरंचा चाकू काढला आन् कुशीत मारला. वारं सुटायच्या जागी नुसता फेस आला, दुधाच्या सायीवानी, आन् भोक बंद झालं. परत मारला. परत फेस. हौशा दाव्याला बांधल्याला तसाच आडवा झाला. दावं कापायला बी येळ मिळाला न्हाई.

अर्जुनराव आला तवा बैल मेल्याला, दादाच्या हातात चाकू, कोपरापतूर रगत.

"कुनी घास घातला?" पाटील म्हनला.

म्या तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलतं. पन शब्द आला न्हाई. दादानं माझ्याकडं बगितलं, लई येळ न्हाई, जनावराकडं बगायचा तेवढा बी न्हाई, आन् म्हनला, "म्या."

कावून म्हनला त्ये मला आजपतूर कळलं न्हाई. माझी बायको पोटुशी म्हनून म्हनला असंल. का मी बारीक असताना आई गेली, त्येनंच वाढवलं, म्हनून म्हनला असंल. पंधरा वर्सं एका चुलीवर जेवलो, पन म्या कदी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मला बोलावं लागलं असतं.

बैल दाव्याला मेला म्हंजी आमच्याकडं ते मोठं पाप. सुटा मेला तर येगळं. बांधल्याला मेला तर बांधनाऱ्यानं मारला. चावडीत जोशीबुवानं सांगितलं काय करायचं ते. मेल्याल्या बैलाचं दावं सोताच्या गळ्यात बांधायचं. चाळीस दिस गाव सोडायचा. मानसाचं बोलायचं न्हाई. लोकांच्या दारात जाऊन बैलावानी हंबरायचं, कुनी टाकील ते खायचं. शेवटी गंगेत, म्हंजी गोदावरीत, आंघोळ करून यायचं. चावडीत समदे व्हते, मी बी व्हतो, खांबाला टेकून. जोशीबुवा म्हनला, "कबूल?" दादा म्हनला, "कबूल." त्येच्या नंतर चाळीस दिस त्यो बोल्ला न्हाई.

आन् ह्येच्या म्होरलं सांगायला मला लाज वाटती, पन सांगतो.

बाराव्या तेराव्या दिसाला मी दिंद्रुडच्या बाजारला गेलतो, मीठ आनायला. पेठंत गर्दी जमल्याली. पोरं हासायलीत. बगितलं तर दादा. दाढी वाढल्याली, गळ्यात हौशाचं दावं, तेच, काळं लोकरीचं गोंडं असल्यालं, म्याच वळल्यालं. एका दुकानाच्या म्होरं उभा राहून हंबरायलाय. दुकानवाला म्हनला, "नीट हंबर की बे, हे काय शेळीवानी." लोक हासले. दादा परत हंबरला, मोठ्यानं. दुकानवाल्यानं वंजळभर फुटाने टाकले, त्येनं उपरन्यात घेतले.

मी एका गाडीच्या मागं बसलो. चाकाच्या आऱ्यातून बगत व्हतो. त्येनं मान फिरवली आन् मला वाटलं त्येनं बगितलं. बगितलंच असंल. त्येला माझे पाय बी वळखू यायचे. त्यो तसाच दुसऱ्या दुकानाकडं गेला. मी मीठ न घेताच घरी आलो आन् साखराला सांगितलं, मीठ सरलं व्हतं बाजारात.

चाळीस दिसानं दादा परत आला. पाप फिटलं म्हनून जोशीबुवानं सांगितलं, पन गावानं कुटं मानलं. सटवाच्या हाताला गुन न्हाई असं ठरलं. ज्या मानसाला म्हैस अडली की झोपंतून उठवून न्यायचे, त्येला आता गोठ्याच्या दारात उभं करंनात. पोळ्याला बैल सजवून मिरवायला निगाले की दादा घराच्या मागं परसात जाऊन बसायचा. वैनी दाराला कडी लावायची भाईरून, कुनी इचारलं तर म्हनायची, घरात न्हाईत. त्यो कदी हासल्याला म्या बगितला न्हाई नंतर.

बरशीम पाटलानं नांगरून टाकला. इखाचा घास म्हनले. पन पाटाच्या कडंला चार रोपं राहिली, दादानं त्येला धक्का लागू दिला न्हाई. फुलं येऊ दिली, मधाच्या माशा बसू दिल्या, बी धरलं ते चैतात चोळून गाडग्यात ठिवलं. तीन साल तसंच. मंग पावसानं पाठ फिरवली त्या साली कडबा मिळंना, लोकांनी घराच्या छपराचं गवत काढून जनावराला टाकलं. आमच्या इहिरीला थोडं पानी व्हतं, दादानं दोन वाफे केल्याले. ते बगून पाटील माझ्याकडं आला. दादाकडं न्हाई, माझ्याकडं. "म्हाळू, घास परत लाव. पन तू बगायचं. सटवा न्हाई."

म्या हो म्हनलं.

तवापासून गावात म्हाळू घासवाला झाला, आन् जनावर अडलं तरी मलाच बोलवूलागले. बी माझ्याकडून न्यायचे, वाफ्यातली माती माझ्याकडून न्यायचे. टोपल्या दादा भरून ठिवायचा, दारात उभा मी राहायचो. इचारायला आल्याल्या मानसाला मी सांगायचो, आन् म्या काय सांगायचं ते दादानं आदल्या दिशी जेवताना मला सांगितल्यालं असायचं. गिरदावर आला तवा त्येनं माझं नाव इचारलं. दादा मागं भारा बांधत व्हता. गिरदावर म्हनला, "ये कौन?" म्या म्हनलं, "माझा भाऊ हाय. हाताखाली असतो." अशी लबाडी जिभंवर आपसूक आली.

दादानं मातूर एक गोष्ट सोडली न्हाई. हौशाला फेस कावून आला, वारं कावून न्हाई आलं, ह्येचा इचार. एकदा वला घास पान्यात घुसळून त्येचा फेस तेलाच्या गाडग्यात टाकून बसला व्हता. फेस तेलानं बसला. मला म्हनला, "म्हाळू, आदी तेल पाजायचं व्हतं. मंग चाकू. म्या उलटं केलं." म्या केलं, असं म्हनला, मला तोंडावर. त्येच्या डोस्क्यात बी ते त्येचंच झालतं का काय, का मला बरं वाटावं म्हनून म्हनायचा, ठावं न्हाई. त्या तेलामुळं बद्रीनाथाची गाय वाचली. भाईर बसल्याल्या मानसानं वाचवली.

दादाला गंगेवर नेलं न्हाई, मळ्याच्या कडंलाच जाळलं. तिसऱ्या दिशी राख सावडून आलो. वैनी भिंतीला पाठ लावून बसल्याली. म्या तिच्या म्होरं बसलो आन् सांगितलं. घास म्या घातलता, वैनी. हौशाला. दादानं सोतावर घेतलं. समदं सांगितलं, गाडीच्या मागं बसल्यालं सुदीक. तिनं मान वर केली न्हाई. तिला ठावं व्हतं का नव्हतं ते काय दिसलं न्हाई तोंडावर. म्हनली, "मला सांगून काय व्हतंय. पारावर सांगा."

तेराव्याच्या दिशी लोक पारावर बसले व्हते. अर्जुनराव, आता म्हातारा झाल्याला, काठी टेकून. बद्रीनाथ. जोशीबुवा मेला, त्येचा पोरगा व्हता. म्या उभा राहून बोललो.  म्हनलं, "हौशा बैलाला वला घास सटवादादानं न्हाई घातला. म्या घातला. दादा दिंद्रुडला व्हता, शेंब्या आनायला. ते दावं माझ्या गळ्यात पायजे व्हतं."

 मंग बद्रीनाथ म्हनला, "म्हाळू, बस खाली."

"खरं सांगायलोय."

"आरं बस. मानूस गेलाय, आता कशाला ओढून घेतोस?"

"ओढून न्हाई घेत. खरंच म्या—"

अर्जुनराव म्हनला, "त्येनं माझ्या म्होरं सोताच्या तोंडानं कबूल केलतं, म्हाळू. हातात चाकू व्हता त्येच्या. म्या बगितलंय."

"मालक, चाकू वाचवायला घेतलता."

"तुझ्या हातानं गावातलं एक जनावर मेलं न्हाई इतक्या वर्सांत. तू कशाला वला घास घालशील?" आन् मंग त्यो लोकांकडं वळून म्हनला, "बगा. भाऊ असावा तर असा. मेल्याल्या भावाचं पाप सोताच्या डोस्क्यावर घ्यायलाय."

जोशीबुवाच्या पोरानं मान हालवली. एक दोघांच्या डोळ्यात पानी आलं. म्या परत सांगितलं. जेवढं सांगितलं तेवढे ते मला जास्त चांगलं म्हनूलागले. बद्रीनाथानं चिलीम भरल्याली व्हती. ती पाटलाच्या आदी माझ्या म्होरं धरली. तसं गावात कदी व्हत न्हाई.

म्या घेतली. वढली.

घरी आलो. साखरा भाकरी टाकायली व्हती, वैनी ताट घिऊन बसल्याली. आमच्या घरात मला वैनीच वाढायची, लगीन व्हायच्या आदीपासून. तिनं इचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं."

"मंग?"

"कुनी ऐकलं न्हाई. मलाच चांगलं म्हनले."

"आन् तुमी काय केलं?"

म्या म्हनलं, "चिलीम दिली. वढली."

 वैनीनं हातातलं ताट खाली ठिवलं, पदर सावरला आन् शेळ्यांना पानी दाखवायला भाईर गेली. साखरानं मला वाढलं.